उरलेली वात

मी कोणाला वाईट बोलत नाही. माझा तसा नेम आहे. त्यामुळे घनश्याम सरांबद्दल इथे जे लिहिते आहे ते वाईट नाही, झालं तसं आहे. ते वाईट दिसत असेल तर त्याला मी काय करणार.

मी इंदिराबाई. आमचं गाव ब्रह्मपुरीपासून जीपनं अर्ध्या तासावर, तलावाच्या पाळीला लागून. घर ढिवरांचं. धाकटा दीर भूपेश तलावात जाळं टाकतो, त्याची बायको आशाबाई बाजारात मासोळी विकते, आणि त्याच घरात मी गळ्यात तुळशीची माळ घालून वरण-भात खाते. मालक होते तेव्हा म्हणायचे, "तलावाच्या काठी राहून मासोळी न खाणारा बगळा आमच्याच नशिबी आला." चांगले होते. त्यांच्याच दुखण्यात, १९७३ च्या मार्गशीर्षात, मी महादेवाला लक्षवातींचा संकल्प सोडला. ते बरे झाले, पुढे बारा वर्षं जगले. संकल्प सोडलेला होता, तो चालूच राहिला.

लक्षवाती म्हणजे आपल्या हातानं लाख वाती वळायच्या आणि एका संध्याकाळी देवापुढे लावायच्या. मी रोज अकरा वळत असे. अकरा झाल्या की दोऱ्यानं बांधायच्या, ती एक जुडी. जुडी बांधल्याशिवाय चहा नाही. कापूस वरोऱ्याहून भाऊ पाठवायचा. अडचणीच्या चार दिवसांत आधी सासूबाई आणि नंतर आशाबाई वळून द्यायच्या. शंभर जुड्या झाल्या की जुन्या लुगड्याच्या पिशवीत भरून पिशवी माळ्यावर. पंचवीस वर्षांना महिना-सव्वा महिना कमी असताना, १९९८ च्या दिवाळीनंतर मी माळ्यावर चढून मोजलं. नव्वद पिशव्या आणि वर नव्वद जुड्या. लाखाला दहाच वाती कमी.

दुसऱ्या दिवशी दहा वळून थांबता आलं असतं. पण माझी जुडी अकराची. अकरा वळल्या, बांधल्या, लाख भरून वर एक वात आली. मला बरं वाटलं. शंभरावर एक, हजारावर एक, असा शकुनाचा एक आपल्याकडे देतातच. महादेवानं माझ्याकडून तो आपणच काढून घेतला.

हे मी देवळात सांगितलं, ही माझी चूक. कारण देवळाच्या समितीचे अध्यक्ष घनश्याम सर.

सर ब्रह्मपुरीला अकरावी-बारावीला गणित शिकवायचे आणि राहायला आमच्या गावात होते. अठ्ठावीस वर्षं त्यांनी गाईडमधली गणितं फळ्यावर उतरवली. उतरवताना चूक झाली तर मुलांना म्हणायचे, "ही चूक मी मुद्दाम केली, तुमचं लक्ष आहे का पाहायला." त्यांचं अक्षर फार सुंदर होतं. तेवढं मी मान्य करते.

एक लाख एक हा आकडा ऐकताच त्यांनी डोळे मिटले. पुजाऱ्याला अंगात येतं तसं त्यांना आलं. म्हणाले, "इंदिराबाई, ही साधी संख्या नव्हे. ही अविभाज्य संख्या आहे. एकशे एक अविभाज्य, तद्वतच एक लाख एक. ही कोणालाच वाटून घेता येत नाही. हेच अद्वैत." मग एकेक बोट दुमडत म्हणाले, "दोननं जात नाही. तीननं जात नाही. पाचनं नाही. सातनं नाही. संपलं."

सातानंतरही आकडे असतात हे मला सातवीपर्यंतच शिकूनही माहीत होतं. पण मी हळू बोलते, आणि सर ऐकत नाहीत. तेव्हा आमचा संवाद नेहमी सुरळीत व्हायचा.

आठ दिवसांत पत्रकं छापून आली. त्रिपुरी पौर्णिमेला महादेवाच्या देवळात "एक लाख एक: अविभाज्य, अखंड, अद्वैत" या विषयावर अध्यक्षांचं व्याख्यान. त्यानंतर अकरा दांपत्यं समसमान वाती लावणार. आणि खाली जाड अक्षरात होतं की संख्या अविभाज्य असल्यामुळे जी एक वात अखेर उरेल, ती अद्वैत-ज्योत स्वतः अध्यक्ष प्रज्वलित करतील. वाती वळणारीचं नाव पत्रकात नव्हतं. ते असावं असं मला वाटतही नव्हतं. पण छापणाऱ्याचं नाव होतं.

पत्रक घेऊन आचल आली. आचल म्हणजे भूपेशची मोठी मुलगी, बारावीला, सरांच्याच वर्गात. मी ओसरीवर नव्या कापसातली सरकी काढत बसले होते. संकल्प पुरा झाला तरी हात थांबत नव्हते.

"मोठी माय, हे चुकलं आहे," ती म्हणाली.

"काय चुकलं?"

"तू जुडी कितीची बांधतेस?"

"अकराची."

"मंग अकरानं जाते ना. जुड्या मोज. नऊ हजार एक्क्याण्णव. एकही सुटी वात नाई. अविभाज्य कुठून झाली?"

मी सरकी काढायची थांबले. पंचवीस वर्षं मी जे दोऱ्यानं बांधत आले ते मलाही दिसलं नव्हतं. आम्हा ढिवरांना हे कळायला फळा लागत नाही. जाळं ओढलं की मासोळीचे वाटे पडतात. पाच जण असले की पाच, सात असले की सात. कधी एखादा आकडा असा येतो की दोघांत वाटा, तिघांत वाटा, पाचांत वाटा, काही ना काही उरतंच. भूपेश त्याला भांडणाचा आकडा म्हणतो. असे बरोबर वाटे कितीही जणांत पडत नाहीत तीच अविभाज्य संख्या. माझ्या वातींचे अकरा जणांत बिनभांडणाचे वाटे पडत होते.

"मंग सांग सरले," मी म्हणाले.

"सांगितलं. वर्गात सांगितलं. अकरानं जाते म्हटलं."

"मंग?"

"म्हणाले, तुह्या बापाच्या जाळ्यात जाऊन मोज."

सर एरवी पुस्तकातलं बोलतात. राग आला की त्यांना आपली भाषा आठवते.

भागाकार करून पाहिला असता तर त्यांना दोन मिनिटं लागली असती. पण ती दोन मिनिटं दिली म्हणजे मासोळी विकणारीच्या पोरीचं ऐकलं असं झालं असतं. आणि पत्रकं पाचशे छापून झाली होती. पाचशे पत्रकांपुढे एका भागाकाराचं काय चालतं.

एवढ्यावर मी विसरलेही असते. पण नागपूरला नाताळच्या सुट्टीत गणिताचं शिबिर होतं, पंधरा दिवसांचं. तालुक्यातून एकच मूल घ्यायचे. तिथे जे चमकतात त्यांना पुढे शिकायला मोठमोठ्या ठिकाणचे शिक्षक वाट दाखवतात, असं आचल सांगायची. आमच्या घरात बारावीच्या पुढे वाट कोणी पाहिली नव्हती, मग दाखवणार कोण. अर्जावर गणिताच्या शिक्षकाची सही हवी. सही सरांची. अर्ज पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ब्रह्मपुरीच्या पोस्टात पडला तरच नागपूरला वेळेत पोचणार.

सरांनी अर्ज हातात घेतला आणि म्हणाले, "सही करतो. आधी लिहून दे. 'माझी चूक झाली. एक लाख एक ही संख्या अविभाज्य आहे.' पौर्णिमेला माझ्या व्याख्यानानंतर सगळ्यांसमोर वाच. लगेच सही."

घरात त्या संध्याकाळी कोणी नीट जेवलं नाही. भूपेश आचलला म्हणाला, "वाचून टाक ना बापू. दोन ओळी आहेत. त्यानं आकडा थोडी बदलते."

"तेच तर म्हणतो बाबा. आकडा नाई बदलत. मंग मी काऊन बदलू?"

"सही पाह्यजे का नाई?"

"पाह्यजे."

"मंग?"

आशाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "वाच. कबूल कर. पण त्यायले सांग, 'मी वाती वाटून झाल्यावर वाचतो.'"

आचलनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग वही घेऊन माझ्याजवळ बसली. चार दिवस ती रोज माझ्याजवळ बसून भागाकार करायची. मी विचारलं, आता काय शोधतेस. म्हणाली, "खरी अविभाज्य कुठी आहे ते. एक लाख एक नाई, एक लाख दोन दोननं जाते. एक लाख तीन पाहून राह्यली."

"सातनंतर किती पाहशील?"

"तीनशे तेरापर्यंत. त्याच्या पुढं पाहायचं काम नाई. मोठ्या आकड्याचे वाटे पडले तर जोडीले लहान आकडा असतेच, अन लहान आकडे सारे आधीच पाह्यले."

असे पासष्ट आकडे तिनं काढले, फक्त तेच जे स्वतः अविभाज्य आहेत. तीननं एक उरली. सातनं एक उरली. अकरानं दोन. तेरानं सात. एकेक करत पासष्टव्या भागाकाराला तिनं खाली दुहेरी रेघ ओढली. तीनशे तेरानं एकशे छप्पन्न उरल्या. एक लाख तीनचे वाटे कोणालाच पडत नव्हते. जाता जाता तिनं माझे दिवसही तपासले. नऊ हजार एक्क्याण्णव हा आकडाही अविभाज्य निघाला.

"तुह्ये दिवस कोणाले वाटता येत नाई, मोठी माय," ती म्हणाली.

"आशाबाईनं वाटून घेतले आहेत बाई, महिन्याचे चार," मी म्हणाले. आशाबाई आत भाकरी थापत हसली.

पौर्णिमेला दिवा लागेपर्यंत माझं मौन असतं. त्या दिवशीही होतं. सकाळी नव्वद पिशव्या आणि एक्क्याण्णव जुड्या बैलबंडीतून देवळात नेल्या. अकरा दांपत्यांसाठी अकरा घमेली मांडलेली होती. गावातल्या चाळीसेक बाया वाटायला बसल्या. कसं वाटायचं ते मी हातानं दाखवलं. एक जुडी सोडली, पहिल्या घमेल्यात एक वात, दुसऱ्यात एक, अकराव्यात अकरावी. दोरा बाजूला टाकला. दुसरी जुडी सोडली.

तिसऱ्या जुडीला गिरजाबाईचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, हातातल्या मोकळ्या दोऱ्याकडे पाहिलं, मग मांडवात टांगलेल्या, सरांच्या अद्वैत-ज्योतीच्या फलकाकडे. तिला शाळा माहीत नाही. "आवो इंदिराबाई," ती म्हणाली, "जुडीत अकरा अन घमेली अकरा. मंग सरची वात कुठून उरन?"

मी मौनात होते. मी चौथी जुडी सोडली.

दुपारपर्यंत वाटून झालं. घमेल्यांत तूप ओतलं. शेवटी माझ्यापुढे दोऱ्यांचा ढीग उरला आणि रिकाम्या पिशव्या. बाया घरी गेल्या आणि दिवसभरात हे सगळ्या गावाला कळलं. अध्यक्षांना कळलं नाही, कारण अध्यक्षांना कोणी काही सांगत नसे, तेच सांगत.

व्याख्यान चारला सुरू झालं आणि सूर्य तलावात उतरेपर्यंत चाललं. ब्रह्म अविभाज्य आहे, एक लाख एक अविभाज्य आहे, म्हणून ब्रह्म एक लाख एक आहे, असं काहीसं त्यातून निघत होतं. इतक्या मन लावून व्याख्यान ऐकणारं गाव मी पाहिलं नव्हतं. कोणी उठलं नाही. पोरांना शेतातून बोलावून आणून बसवलं होतं.

शेवटी सर खाली उतरले. नवं धोतर, खांद्यावर शाल. अकरा जोडपी घमेल्यांपाशी बसली होती. सरांनी चांदीचं ताम्हन पुढे केलं. "आणा," म्हणाले, "उरलेली वात आणा."

कोणी काही आणलं नाही.

"इंदिराबाई, ती एक वात."

मी हात जोडले आणि दोऱ्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. सरांनी स्वतः पिशव्या झटकल्या. नव्वद पिशव्यांतल्या दहा-बारा झटकून त्यांना धाप लागली.

मुखरू समितीतच आहे, जाळं विणतो. तो मागून म्हणाला, "सर, धोतराच्या गाठीत पाहा बरं. नवं धोतर आहे, अटकली असन."

हसू दाबायला बायांनी पदर तोंडाला लावले. सरांचा चेहरा ताम्हनासारखा घट्ट झाला. मग ते जे बोलले ते मी अजून विसरले नाही. म्हणाले, "मोजण्यात बाईची चूक आहे. वाती लाखच भरल्या असतील. ती एक वात वळलीच नाही. पंचवीस वर्षांत एखादा दिवस चुकला असेल, कोणाला माहीत." आणि वर म्हणाले, "वात सापडेपर्यंत दिवा लागणार नाही."

दिवा लागेपर्यंत मला बोलता येत नव्हतं, आणि दिवा त्यांनी थांबवला होता. माझे नऊ हजार एक्क्याण्णव दिवस तिथे मांडवात पडले होते आणि उत्तर द्यायला मला तोंड नव्हतं. मी महादेवाकडे पाहिलं. तोही बोलत नाही.

आचल उठली. हातात तो कागद होता. "सर, वाती वाटून झाल्या. वाचू का?"

सर काही म्हणायच्या आत तिनं वाचलं, शाळेत प्रार्थना म्हणतात तसं, सरळ आवाजात. "माझी चूक झाली. एक लाख एक ही संख्या अविभाज्य आहे."

आधी मुखरू हसला. मग अकराव्या घमेल्यापाशी बसलेला सरांचा सख्खा मेव्हणा हसला. मग पदरांचा काही उपयोग राहिला नाही. सगळा मांडव हसत होता, आणि ज्यांना भागाकार येत नव्हता ते जास्त हसत होते, कारण त्यांनी सकाळी वाती वाटल्या होत्या.

आचल हसली नाही. तिनं अर्ज पुढे केला. "सर, सही."

"वात सापडू दे आधी," सर म्हणाले.

"वात हरवली नाई सर. एका दिवसात अकरा, दिवस नऊ हजार एक्क्याण्णव. मोठी मायचा एक दिवस चुकला असता तर अकरा कमी झाल्या असत्या, एक नाई. अन एकच वात कमी असती तर एका जोडप्याले ती कमी आली असती. कोणाले कमी आली का?" तिनं अकरा जोडप्यांकडे पाहिलं. कोणाला कमी आली नव्हती. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, एवढ्या खाली की मी आणि सरच ऐकू शकलो. "अजून दोन वाती टाकल्या तर एक लाख तीन होते. ते खरंच अविभाज्य आहे. पासष्ट भागाकार केले, वहीत आहेत. अकरानं दोन उरतात. तुम्हाले लावाले वात राह्यते."

सरांनी वहीकडे पाहिलं. पानं उलटली. पहिल्यांदाच मी त्यांना एखादं गणित वाचताना पाहिलं, उतरवताना नव्हे. दुहेरी रेघेपर्यंत आले आणि थांबले. बाहेर पौर्णिमेचा चंद्र पाळीवर आला होता. लोक वाट पाहत होते, आणि आता ते हसायचे थांबले होते, जे सरांना जास्त लागलं.

"दोन वाती," सर मला म्हणाले. "इंदिराबाई, दोन वाती वळून द्या."

कापूस माझ्या बटव्यात असतोच. मी चिमूटभर काढला. तळहातावर ठेवला. वात वळायला एक क्षण लागतो, माझा हात तर झोपेतही वळतो. पण मी नुसता कापूस धरून बसले आणि आचलच्या हातातल्या अर्जाकडे पाहत राहिले. मौनात दुसरं काय करता येतं.

सरांना हे कळायला भागाकार करावा लागला नाही. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि मुखरूच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. मुखरू म्हणाला, "नीट करा सर, गुदगुल्या होते." अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं.

मी दोन वाती वळल्या.

सर पुन्हा व्यासपीठावर चढले. म्हणाले, "भाविकहो, एक लाख एक ही पायरी होती. आपलं लक्ष आहे का ते मी पाहत होतो. खरी अविभाज्य संख्या एक लाख तीन. हे मी आरंभापासूनच सुचवत आलो." असं म्हणून ते खाली आले, दोन वाती ताम्हनात ठेवल्या आणि काडी ओढली.

अकरा जोडप्यांच्या घमेल्यांतल्या वाती दुपारपासून तुपात होत्या. त्या लागल्या त्या मध्यरात्रीपर्यंत जळत राहिल्या, तलावाचं पाणी पलीकडच्या काठापर्यंत सोन्याचं झालं होतं. सरांच्या दोन वातींनी भसकन पेट घेतला आणि सर हात जोडायच्या आत त्या विझल्या. ताम्हनात चिमूटभर काळी राख राहिली. कोरड्या होत्या. तुपात भिजवायच्या मी विसरले. दिवसभर उपास आणि वर मौन, माणूस विसरतं.

मौन सुटल्यावर भूपेशनं मला विचारलं, "वहिनी, मंग किती वाती झाल्या धरायच्या? लाख एक का लाख तीन?"

"महादेवाच्या एक लाख एक," मी म्हणाले. "दोन सरांच्या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या जीपनं आचल अर्ज घेऊन ब्रह्मपुरीला गेली. जीपमध्ये जागा नव्हती, ती मागच्या फळीवर मासोळीच्या टोपल्यांमध्ये बसली, अर्ज वहीत आणि वही छातीशी धरून. मी पाळीवर उभी होते. हातात कापूस होता. संकल्प पुरा झाला होता, चहा आता कधीही पिता आला असता. मी अकरा वाती वळल्या, दोऱ्यानं बांधल्या, मग घरी जाऊन चहा ठेवला.